ठाण्याची वही, दवाखान्याची वही

धारणी हे अमरावती जिल्ह्याचे वायव्य टोक. परतवाड्याहून घाट चढावा, सेमाडोह, हरिसाल ही गावे मागे टाकावीत, व्याघ्र प्रकल्पाच्या सागवानी जंगलातून वळणे घेत राहावे, तेव्हा हे तालुक्याचे गाव येते. पलीकडे थोड्याच अंतरावर मध्य प्रदेश सुरू होतो. जिल्ह्याचे ठिकाण इथून सुमारे दीडशे किलोमीटर. बाजारात हिंदी चालते, कचेरीत मराठी, आणि भोवतालच्या गावांत कोरकू, जिचे रक्ताचे नाते मराठीशीही नाही आणि हिंदीशीही नाही. ती संथाळी-मुंडारीच्या कुळातली. गावात एक पोलीस ठाणे आहे आणि एक उपजिल्हा रुग्णालय आहे. दोन्हीकडे वह्या असतात. एका वहीत कोणी काय केले ते लिहिले जाते, दुसरीत कोणाला काय झाले ते. एरवी या दोन वह्यांची गाठ क्वचित पडते. मारामारीतला जखमी किंवा विष प्यालेला माणूस आला तर तेवढ्यापुरती. साथ आली म्हणजे मात्र त्या एकमेकींत शिरतात. ताप लपवणे, वेशीबाहेर पडणे, प्रेत गुपचूप उचलणे, लेकराच्या पोटावर घरचा इलाज करणे, अशा कालपर्यंत कोणत्याही वहीत न चढलेल्या गोष्टी ठाण्याच्या वहीत चढू लागतात. आणि त्याच सुमारास, एरवी तिथे चढल्या असत्या अशा काही गोष्टी तिच्यातून निसटतात.

साथीच्या काळात गुन्हे वाढतात की घटतात, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. आम्हांला तो अपुरा वाटतो. साथीत सर्वप्रथम बदलते ती गुन्ह्याची व्याख्या, पाठोपाठ पोलिसांचे काम. माणसांची वागणूक बदलते ती त्यानंतर, आणि कित्येकदा समजतो त्याहून कमी. मेळघाटाकडे या दृष्टीने पाहायचे तर सुरुवात मेळघाटातून करता येत नाही. ज्या कायद्याने हे सारे चालते तो मुंबई-पुण्याच्या प्लेगात जन्मला, म्हणून आधी तिकडे जावे लागेल.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे निदान केले. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग अधिनियम अस्तित्वात आला. हा कायदा आमच्या विद्यार्थ्यांनी एकदा वाचावा अशी आमची नेहमीची सूचना असते, कारण तो मुळात अवघा चार कलमांचा होता आणि गद्याचा नमुना म्हणून पाहण्याजोगा आहे. दुसऱ्या कलमाने सरकारला वाटेल तो नियम करण्याची मुभा दिली. तिसऱ्या कलमाने तो नियम मोडणे हा भारतीय दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाखालचा गुन्हा ठरवला, म्हणजे लोकसेवकाच्या आदेशाची अवज्ञा. चौथ्या कलमाने या कायद्याखाली सद्भावनेने कृती करणाऱ्यावर कोणताही दावा वा खटला चालणार नाही असे अभय दिले. तिसरे आणि चौथे कलम लागोपाठ वाचले की साथीतल्या गुन्ह्याचे सारे गणित समोर येते. एका ओळीने लक्षावधी माणसांची रोजची कृत्ये गुन्हा होण्यास पात्र ठरतात आणि लगेच पुढच्या ओळीने काही मोजक्या माणसांची कृत्ये गुन्ह्याच्या कक्षेबाहेर जातात.

पुण्यात हे प्रत्यक्षात कसे उतरले ते शाळेच्या पुस्तकातूनही आले आहे, म्हणून विस्तार करीत नाही. डब्ल्यू. सी. रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने मार्च ते मे १८९७ या काळात गोऱ्या शिपायांकरवी घरांच्या झडत्या घेतल्या. आजारी माणसे इस्पितळात, त्यांचे सोबती विलगीकरण छावणीत, सामानसुमान रस्त्यावर वा आगीत. २२ जून रोजी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेले, रँड ३ जुलैला. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. फितुरी करणाऱ्या द्रविड बंधूंच्या खुनानंतर १८९९ च्या मे महिन्यात वासुदेव व बाळकृष्ण चापेकर आणि महादेव रानडे हेही फासावर गेले. या प्रकरणातला 'गुन्हा' म्हणून स्मरणात राहिला तो हाच, आणि ते साहजिक आहे.

आमचे लक्ष मात्र त्याच उन्हाळ्यातल्या दुसऱ्या एका गोष्टीकडे जाते. झडत्यांच्या वेळी चोऱ्या झाल्या, स्त्रियांची विटंबना झाली, अशा तक्रारी पुण्यात घरोघर होत्या. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या सुरक्षिततेविषयी वर्तमानपत्रातून जाहीरपणे लिहिले. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी शिपायांकडून दोन स्त्रियांवर बलात्कार झाल्याचा आरोप तिथल्या वृत्तपत्रात केला. मुंबईत परतल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रे लिहिणारे नावे द्यायला तयार नव्हते. पीडितेचे नाव उघड करणे म्हणजे तिच्यावर दुसऱ्यांदा आघात. ऑगस्ट १८९७ मध्ये गोखल्यांनी जाहीर क्षमा मागितली आणि त्यासाठी पुढे कित्येक वर्षे स्वकीयांची बोलणी खाल्ली. ते आरोप खरे की खोटे याचा निकाल आज देता येणार नाही. पण निकालाची वाटच कशी बंद झाली हे मात्र दिसते. फिर्याद द्यायची ती कोणाकडे? झडती घेणाराच दारात उभा, आणि त्याच्या पाठीशी चौथे कलम. ज्या गुन्ह्याला वहीत रकानाच नाही, त्याची बातमी विलायतेत होते आणि शेवटी सांगणाराच क्षमा मागतो.

मग आले शिक्षेचे पोलीस. रँडच्या खुनानंतर पुण्यात जादा पोलीस बसवले गेले आणि त्यांचा खर्च नागरिकांकडून वसूल झाला. नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली चौकशीविना स्थानबद्ध करण्यात आले. 'केसरी'तील मजकुराबद्दल टिळकांना सप्टेंबरात अठरा महिन्यांची सजा झाली. १८९८ साली दंडसंहितेचे १२४अ हे राजद्रोहाचे कलम रुंद करण्यात आले आणि १५३अ हे नवे कलम दाखल झाले. प्लेगने शहर सोडले तरी ही कलमे गेली नाहीत. दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त सरकारी दप्तरातून पुढे आले. मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात त्याची दखल जरा कमीच घेतली जाते असे आम्हांला वाटते. आरोपीने कारकुनाच्या वहीत न मावणारे बरेच काही त्यात स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे.

वऱ्हाड तेव्हा या साऱ्यापासून एका अर्थी लांब होते. कागदोपत्री मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा, नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागत नसत, वेगळ्या अधिसूचनेने आणावे लागत. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला, १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हा मोडून मेळघाट तालुका अमरावतीत आला. या मुलखात गावचे जन्म आणि मृत्यू टिपण्याचे काम पोलीस पाटलाकडे असे. म्हणजे कोणी कोणाचे खळे लुटले हे ज्याने कळवायचे, त्यानेच कोण कशाने मेले हेही लिहायचे. बहुतेक मृत्यू 'ताप' या एकाच शब्दात जमा होत. ज्या दोन वह्यांपासून आम्ही आरंभ केला, त्या इथे एकाच माणसाच्या बगलेत होत्या.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झात या व्यवस्थेचा कस लागला आणि ती वाकली. मध्य प्रांत व वऱ्हाड हा हिंदुस्थानातील सर्वाधिक मृत्युदर असलेल्या प्रांतांपैकी एक होता. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला, धान्य महागले. लिहिणारे पाटीलच आजारी पडले तिथे नोंदी कोण करणार? किती माणसे दगावली याचा अंदाज पुढे १९२१ च्या जनगणनेच्या उणिवेवरून बांधावा लागला. १८९७ मध्ये सरकारने प्रत्येक घरात शिरून मोजले, १९१८ मध्ये सरकारला प्रेतेही मोजता आली नाहीत. पहिल्या साथीतून गुन्ह्यांचा मोठा इतिहास उरला, दुसरीतून जवळपास काहीच नाही. दुसऱ्या वेळी गुन्हे घडले नाहीत असे यावरून कोणी अनुमान काढले तर त्याला काय म्हणावे?

इथे थोडे विषयांतर करून वाङ्मयाकडे वळतो. काम्यूच्या 'द प्लेग' (१९४७) या कादंबरीत कोतार नावाचे एक पात्र आहे. त्याने पूर्वी काहीतरी गुन्हा केला आहे आणि पोलीस आपल्याला नेतील या धास्तीने कादंबरीच्या आरंभी तो गळफास घेऊ पाहतो. प्लेग येतो, शहराचे दरवाजे बंद होतात, पोलिसांना त्याची फाईल उघडायला सवड उरत नाही, आणि कोतार सुखी होतो. चोरट्या मालाच्या व्यापारात त्याचा जम बसतो. त्याचे सुख केवळ पैशाचे नाही. आजवर तो एकटा भयात होता, आता सारे गाव त्याच्या भयात भागीदार झाले आहे. साथ संपते तेव्हा तो पुन्हा एकटा पडतो आणि खिडकीतून रस्त्यावर गोळ्या झाडू लागतो. वर्गात 'द प्लेग' शिकवताना आपण डॉक्टर रियूवर थांबतो. ठाण्याच्या वहीच्या दृष्टीने पाहिले तर कादंबरीचा दुसरा नायक हा कोतार आहे.

दुसरे उदाहरण मांझोनीचे, आणि ते मेळघाटाच्या अधिक जवळचे. १६३० च्या प्लेगात मिलान शहरात अशी अफवा उठली की कोणी लोक भिंतींना विषारी मलम फासून रोग पसरवीत आहेत. गुलिएल्मो पियाझा या आरोग्य खात्याच्याच एका अधिकाऱ्याला एका बाईने भिंतीला हात पुसताना पाहिले, एवढ्यावर त्याला धरले. छळाखाली त्याने जानजाकोमो मोरा या न्हाव्याचे नाव घेतले. मोरा प्लेगवर घरगुती मलम करून विकत असे. ते औषध हाच विषाचा पुरावा ठरला. दोघांना हालहाल करून मारले, मोराचे घर पाडले आणि त्या जागी एक 'कलंकस्तंभ' उभा केला, जो १७७८ पर्यंत तिथे होता. मांझोनीने हा वृत्तांत आपल्या प्रसिद्ध कादंबरीच्या अखेरच्या आवृत्तीला जोडून छापला. न्यायाधीश अडाणी होते असे तो म्हणत नाही. जे ठाऊक असायला हवे होते ते ठाऊक असूनही त्यांनी डोळेझाक केली, हा त्याचा आक्षेप आहे. साथीत आरोपी शोधताना बोट कोणाकडे वळते? जो आजाराच्या सर्वांत जवळ उभा असतो त्याच्याकडे. मिलानमध्ये तो आरोग्याधिकारी आणि न्हावी होता. मेळघाटात तो कोण, ते पुढे येईल.

१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्राने तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू केला. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देश बंद झाला. त्या वर्षाचे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे उघडले की आमचे म्हणणे जणू तक्त्यात मांडलेले सापडते. १८८ व्या कलमाखाली देशात २०१९ मध्ये २९,४६९ गुन्हे नोंदले गेले होते. २०२० मध्ये ६,१२,१७९. एकूण दखलपात्र गुन्हे ५१,५६,१५८ वरून ६६,०१,२८५ वर गेले, म्हणजे २८ टक्क्यांनी वाढले. पण खून २८,९१५ वरून २९,१९३, म्हणजे जवळजवळ जिथल्या तिथे. देश एका वर्षात अधिक गुन्हेगार झाला नव्हता. घराबाहेर पडणे गुन्ह्यात जमा झाले होते. गंमत अशी की १८८ खाली न्यायालयाने दखल घ्यायची तर संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार लागते, नुसता पोलिसांचा प्राथमिक अहवाल पुरत नाही. त्यामुळे यांतील कित्येक प्रकरणे जन्मतःच लंगडी होती. महाराष्ट्र सरकारने २०२२ मध्ये टाळेबंदीच्या काळातले असे गुन्हे मागे घेण्याचे ठरवले. (१ जुलै २०२४ पासून दंडसंहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली आणि १८८ चे २२३ झाले. आशय कायम आहे.)

घटलेल्या आकड्यांकडे अधिक संशयाने पाहावे. पती व सासरच्यांकडून होणाऱ्या क्रौर्याचे गुन्हे १,२५,२९८ वरून १,११,५४९ वर आले. त्याच वर्षी राष्ट्रीय महिला आयोगाकडे २३,७२२ तक्रारी पोहोचल्या, ज्या सहा वर्षांतील सर्वाधिक होत्या. नवरा चोवीस तास घरात, रस्त्यावर नाकाबंदी, ठाण्याचे मनुष्यबळ बंदोबस्तात: अशा वेळी फिर्याद कमी झाली तर तिचा अर्थ काय लावायचा हे १८९७ च्या पुण्याने आपल्याला शिकवायला हवे होते. ठाण्याची वही गुन्ह्यांचे मोजमाप करीत नाही, ठाण्यापर्यंतच्या वाटेचे करते. बालविवाह प्रतिबंधक कायद्याखालचे गुन्हे मात्र ५२३ वरून ७८५ झाले. शाळा बंद, मजुरी बंद, खाणारी तोंडे घरात.

चौथ्या कलमाचे अभय प्रत्यक्षात कुठवर पोहोचले, याची साक्ष तमिळनाडूतील सातानकुळमने दिली. ठरलेल्या वेळेनंतर दुकान उघडे ठेवल्याच्या आरोपावरून १९ जून २०२० रोजी उचललेले बापलेक पोलिसांच्या मारहाणीनंतर चार दिवसांच्या आत मेले. आपल्याकडे ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याहून निघालेली ही माणसे मध्य प्रदेशात आपल्या गावी चालली होती. सडकेवर अडवले जाईल म्हणून त्यांनी रूळ धरले. हा अपघात म्हणूनच नोंदला जाणार, दुसरा रकाना नाही. एवढे सांगितल्यावर हेही सांगायला हवे की त्या दोन वर्षांत महाराष्ट्रात शेकडो पोलीस कोविडने दगावले, आणि रुग्णवाहिका मिळेना तेव्हा माणसांनी हाक मारली ती पुष्कळदा ठाण्यालाच. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने मूळ कायद्यात आरोग्यसेवकांवरील हल्ल्याचा अजामीनपात्र गुन्हा आणि पाच, गंभीर इजा असेल तर सात वर्षांपर्यंतची शिक्षा घालण्यात आली. त्याची गरज खरी होती. परंतु १८९७ च्या कायद्याला एकशे तेवीस वर्षांनी जी मोठी भर पडली, ती पुन्हा शिक्षेचीच होती. रुग्णाला काय मिळाले पाहिजे यावर तो कायदा तेव्हाही गप्प होता, आजही आहे.

मेळघाटात ही टाळेबंदी नेमक्या कोणत्या ऋतूत आली ते पाहावे. २०२० ची होळी ९ मार्चला होती. होळी हा कोरकूंचा वर्षाचा सण. बाहेरगावी मजुरीला गेलेला माणूस त्यासाठी गावी येतो. सण संपवून काही पुन्हा कामावर गेले होते, काही निघायचे होते, तोच रस्ते बंद झाले. त्याच पंधरवड्यात मोह पडू लागतो. पहाटे उठून मोहफुले वेचणे ही एरवीही वन खात्याशी लपंडावाची गोष्ट, कारण निम्मे जंगल राखीव. गौण वनोपज गोळा करण्यास टाळेबंदीतून सूट मिळाली ती १६ एप्रिलच्या केंद्रीय आदेशाने. मोहाचा बहर तोवर बराचसा झडून गेलेला असतो. दरम्यान न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील एका वाघिणीला कोविड झाल्याची बातमी ५ एप्रिलला आली आणि लागलीच देशातील व्याघ्र प्रकल्पांत माणसांच्या वावरावर नवे निर्बंध सुचवले गेले. अशा रीतीने मोह वेचणारी बाई एकाच वेळी तीन कायद्यांच्या कचाट्यात सापडू शकत होती: वन्यजीव, साथरोग आणि आपत्ती व्यवस्थापन. 'ट्रॅफिक' या संस्थेने वृत्तपत्रांतील बातम्यांवरून काढलेला देशभराचा हिशेब असा की टाळेबंदीपूर्वीच्या सहा आठवड्यांत शिकारीच्या ३५ घटना उघड झाल्या होत्या, टाळेबंदीच्या सहा आठवड्यांत ८८. आणि वाढ मुख्यतः मांसासाठी मारलेल्या लहान जनावरांची होती. यात भुकेचा वाटा किती, हे वन गुन्ह्याच्या पंचनाम्यात लिहिले जात नाही.

दुसऱ्या लाटेत अमरावतीचे नाव देशभर गेले. २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी लागली, तेव्हा बाकीचा देश साथ सरली असे समजून चालला होता. मेळघाटात त्या वर्षी भीती आजारापेक्षा लसीची अधिक होती. पोलिसांचा दंडुका इथे उपयोगाचा नव्हता; शेवटी कोरकूतून बोलावे लागले.

परंतु मेळघाटाची खरी साथ कोविड नव्हे. ती १९९३ पासून वर्तमानपत्रांत आहे आणि त्याआधी किती वर्षे होती ते लिहिलेले नाही. कुपोषण आणि बालमृत्यू. शीला बारसे यांनी त्या वर्षी उच्च न्यायालयात याचिका केली, १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने दाखवून दिले की राज्यात जितकी बालके मरतात त्यांतील मोठा भाग सरकारी नोंदीत येतच नाही. १९१८ च्या पाटलाचा तापाचा रकाना ऐंशी वर्षांनंतरही फारसा सुधारला नव्हता म्हणायचा. २००७ पासून नव्या जनहित याचिका न्यायालयापुढे आहेत. त्यांच्या सुनावणीत एक लक्षणीय गोष्ट घडली: मेळघाटात जाऊन कुपोषणाची स्थिती पाहून या, असे न्यायालयाने डॉ. छेरिंग दोरजे या भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्याला सांगितले. त्यांच्या अहवालात बालविवाहाचा मुद्दा पुढे आला. त्यावरून सरकारने सर्वेक्षण केले. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयापुढे आलेला आकडा असा: सोळा आदिवासी जिल्ह्यांत तीन वर्षांत १५,२५३ बालविवाह, ६,५८२ बालकांचे मृत्यू, आणि त्यांपैकी ६०१ बालकांच्या आया अल्पवयीन.

दवाखान्याच्या वहीतली माहिती काढायला पोलीस अधिकारी जातो आणि परत येताना ठाण्याच्या वहीचा विषय घेऊन येतो, हे आम्हांला सूचक वाटते. बालविवाह हा गुन्हा आहेच आणि कोवळ्या वयातले बाळंतपण जीवघेणे आहे यात शंका नाही. पण त्या ६,५८२ पैकी उरलेल्या सुमारे सहा हजारांच्या आया सज्ञान होत्या. रिकामे पद, बंद पडलेली रुग्णवाहिका, पावसाळ्यात तुटणारा रस्ता यांना कलम लागत नाही. सोळा वर्षांच्या सुनेला घरात आणणाऱ्या सासऱ्याला लागते.

आणि आता तो विळा. तान्ह्या मुलाचे पोट फुगले, श्वास लागला की तापवलेल्या विळ्याने वा सळईने पोटावर डागायचे, हा मेळघाटातला जुना इलाज आहे. वर्तमानपत्रांत त्याला 'डंबा' किंवा 'डम्मा' म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरी गावी बावीस दिवसांच्या बाळाच्या पोटावर असे ६५ चटके मोजले गेले आणि गुन्हा दाखल झाला. हा प्रकार भयंकर आहे. मिलानच्या न्हाव्याच्या मलमाने कोणाला इजा झाली नव्हती, इथे होते. म्हणून ती उपमा ताणून आम्ही डागणाऱ्याला निर्दोष ठरवणार नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा, जो डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर अखेर झाला, अशा वेळी वापरला जातो. त्यात सहा महिने ते सात वर्षे शिक्षा आहे. त्याच्या अनुसूचीत चटक्यांचा उल्लेख येतो तो भूत उतरवण्याच्या निमित्ताने दिलेल्या. विळा तापवणाऱ्या आजीच्या मनात भूत असतेच असे नाही. तिच्या मनात पोटफुगी असते. ती जे करते आहे त्याला ती औषध समजते, आणि बाळाला वाचवण्यासाठीच करते. कायद्याला हा हेतू कोणत्या रकान्यात लिहायचा ते ठाऊक नाही.

डागणारा पुष्कळदा गावचा भूमका असतो, देवऋषी आणि वैदू दोन्ही. बाळ दवाखान्यात पोहोचण्याआधी त्याच्या दारात जाते, हे आरोग्य खात्याला फार पूर्वी कळले होते. म्हणून अमरावती जिल्ह्यात भूमकांची शिबिरे घेतली गेली आणि रुग्णाला आरोग्य केंद्रात घेऊन येणाऱ्या भूमक्याला मानधन देण्याची योजनाही झाली. त्याने मंत्र म्हणावा, अंगारा लावावा, पण मग दवाखान्याची वाट दाखवावी. ही तडजोड आमच्या काही मित्रांना पटत नाही. अंधश्रद्धेला सरकारी शिक्का मिळतो असे ते म्हणतात. आम्हांला ती पटते. भूमक्याचे नाव दोन वह्यांपैकी एकीत लिहिले जाणारच आहे. मध्यरात्री, घाटात पाऊस कोसळत असताना, धापा टाकणारे मूल घेऊन कोणी त्याच्या ओट्यावर आले आणि उद्या आपले नाव ठाण्याच्या वहीत चढेल या भीतीने त्याने दार लावून घेतले, तर ते मूल दवाखान्यात पोहोचेलच असे नाही. ते गावातच राहील, आणि डागायचेच झाले तर घरातल्याच कोणाच्या तरी हातून, कोणाला न सांगता.